मुलांचा सायन्स प्रोजेक्ट: दुकानातलं तयार मॉडेल आणण्याआधी घरातल्या या वस्तू हाताशी घ्या

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जेवणं झालीत, ओटा आवरून झालाय. तेवढ्यात दप्तर भरता भरता चिरंजीव जाहीर करतात, "आई, उद्या सायन्सचा प्रोजेक्ट द्यायचाय."

कधी दिलाय? "मागच्या सोमवारी."

मंडळी, पुढचं नाटक घरोघरी सारखंच असतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते, कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान अजून उघडं आहे का ते बघायला बाबा चप्पल पायात सरकवतात. दुकानात सगळं तयार मिळतंच: ज्वालामुखी, पवनचक्की, पावसाच्या पाण्याचं संकलन. बटण दाबलं की दिवा लागतो. नाहीतर मग बाबा पुठ्ठा कापतात, आई रंग देते आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे तो साडेदहाला गाढ झोपलेला असतो. दुसऱ्या दिवशी मार्क मिळतात. पण शिक्षकांनी "हा दिवा का लागला रे?" असं विचारलं तर उत्तर बाबांकडे असतं, आणि बाबा ऑफिसात.

हे टाळता येतं. त्यासाठी खर्चही फारसा लागत नाही. खाली काही प्रयोग दिलेत. इंटरनेटवर असतात तशी 'टॉप ५०' यादी ही नाही. मोजकेच आहेत, पण प्रत्येकात नेमकं काय होतं, कुठे फसतं आणि मुलाने त्यात काय शोधायचं तेही सांगितलंय.

आधी काडेपेटीची गोष्ट

टाकाऊ वस्तूंमधून विज्ञान म्हटलं की महाराष्ट्रात एक नाव हमखास निघतं, अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोमध्ये लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून गावातल्या शाळांमध्ये प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम चालू होता. प्रयोगशाळा नव्हतीच, त्यामुळे आठवडी बाजारात जे मिळेल त्यातून साहित्य बनवायचं. त्या काळात त्यांनी दोन अगदी क्षुल्लक गोष्टी एकत्र आणल्या: काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातल्या 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'त त्यांनी बरीच वर्षं अशी खेळणी केली. या केंद्राची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभी राहिली, तिचं नाव 'पुलस्त्य'. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि छोटे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा.

आता खेळ. व्हॉल्व्हच्या नळीचे साधारण सेंटीमीटरभर लांबीचे तुकडे करा. काड्यांचा गुल खरवडून टाका (हे आधी करायचं, नंतर नाही). नळीच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक काडी घुसवली की झाला सांधा. तीन काड्या आणि तीन तुकड्यांचा त्रिकोण करा. चार-चार घेऊन चौकोन करा. दोन्ही हातात धरून दाबा.

चौकोन लगेच तिरका होतो, पतंगासारखा. त्रिकोण हलत नाही. पाच काड्यांचा पंचकोन तर चौकोनापेक्षाही ढिला. आता मुलाला सांगा, एका काडीची भर घालून चौकोन पक्का करून दाखव. थोडी झटापट होईल, मग कर्णावर काडी लावायचं सुचेल (ही काडी थोडी लांब लागते, दोन जोडून घ्या). म्हणजे चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. एवढं झालं की मुलांना घेऊन बाहेर पडा. विजेच्या तारांचे मनोरे, रेल्वेचे लोखंडी पूल, गावाकडच्या घराच्या छपराची लाकडी कैची, मंडपाचा सांगाडा. सगळीकडे त्रिकोण दिसायला लागतात. हे कुठल्याही दुकानातल्या मॉडेलमध्ये मिळत नाही.

हल्लीच्या सायकलींना ती जुनी व्हॉल्व्ह ट्यूब नसते, पण पंक्चरच्या दुकानात विचारलंत तर मिळून जाते. नाहीच मिळाली तर रात्रभर भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घ्या. वाटाणे सुकले की टूथपिकला घट्ट धरतात. फक्त भिजवलेले सगळे वाटाणे प्रोजेक्टला जाऊ देऊ नका, उसळीला ठेवा.

डब्यातली हळद

पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला आणि त्यावर साबण चोळला, तर डाग लालभडक होतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि "अरे देवा, अजूनच वाढला!" म्हणून गप्प बसलोय. हाच एक उत्तम प्रोजेक्ट आहे.

हळदीतला पिवळा रंग करक्युमिन नावाच्या द्रव्याचा. आम्ल किंवा साध्या पाण्यात ते पिवळंच राहतं, अल्कली लागली की तांबडं होतं. साबण अल्कलीधर्मी असतो. म्हणून डाग लाल. भरपूर पाण्याने साबण निघून गेला की तो परत पिवळा होतो. आणि शर्ट उन्हात वाळवला की फिका पडतो, कारण उन्हाने करक्युमिनचं विघटन होतं. आजी डागाचे कपडे उन्हात टाकते ते उगीच नाही.

कृती सोपी आहे. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून जाड कागदावर फासा, वाळू द्या, पट्ट्या कापा. आता घरातली एकेक गोष्ट तपासा: लिंबू, दही, चिंचेचं पाणी, मीठ, साखर, अंगाचा साबण, शॅम्पू, भांडी घासायची पावडर, कपड्यांचा सोडा. खाण्याच्या सोड्याने रंग फारसा बदलत नाही, कारण तो अगदी सौम्य अल्कली आहे. इथे मुलं "प्रयोग चुकला" म्हणतात. चुकलेला नाही, उलट हळदीची मर्यादा कळली! हळदीला थोडी जोरकस अल्कलीच लागते.

मग पुढची पायरी: जास्वंदाच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हे पाणी लिंबाने गुलाबी-लाल होतं, साबणाने हिरवट. निळ्या गोकर्णाच्या फुलांचं पाणी निळं येतं आणि लिंबू पिळलं की जांभळं होतं. हळद आम्ल ओळखू शकत नाही, ही फुलं दोन्ही ओळखतात. दोन दर्शकांची तुलना करणारा तक्ता स्वतः भरला की सहावी-सातवीच्या मुलासाठी तो पूर्ण प्रकल्प झाला.

पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीवर अल्कलीची प्रक्रिया करूनच केलं जातं, हे मुलांना शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर मजा जाते. पानाचा चुना वापरून बघायचा असेल तर मोठ्यांनी हाताळावा, तो डोळ्यात गेला तर इजा होते.

मेणबत्ती आणि पेला: ज्याचं उत्तर बहुतेकांना चुकीचं शिकवलं गेलंय

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं.

का? तुम्ही आम्ही सगळ्यांनी वहीत लिहिलेलं उत्तर असं: "मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढं पाणी वर चढलं." छान वाटतं, आकडाही जुळल्यासारखा दिसतो. पण हे स्पष्टीकरण टिकत नाही.

एक तर, मेणबत्ती जळताना ऑक्सिजन नाहीसा होत नाही. त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, आणि कार्बन डायऑक्साइड हा वायू पेल्यातच जागा व्यापून बसतो. तो पाण्यात विरघळतो, पण इतक्या झटकन नाही. दुसरं म्हणजे, मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतो. बराचसा शिल्लक असतो, फक्त ज्योत तगून राहण्याइतकं त्याचं प्रमाण उरत नाही.

मग पाणी चढतं कशाने? मुख्यतः गरम हवा थंड झाल्यामुळे. पेला उपडा करताना ज्योतीने आतली हवा तापून फुगते, थोडी हवा बाहेरही निसटते. नीट बघितलंत तर पेल्याच्या काठाशी बुडबुडे दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. वाफेचं पाणी होतं, त्याचाही थोडा हातभार लागतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. मुलालाच तपासू द्या, कारण तपासणं अगदी सोपं आहे.

पाणी नेमकं केव्हा चढतं ते मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे चढत असेल, तर मेणबत्ती जळत असतानाच हळूहळू चढायला हवं. प्रत्यक्षात ज्योत विझल्यावर ते भसकन वर येतं. मग त्याच पेल्याखाली एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावा, नंतर तीन. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. ऑक्सिजनचं उत्तर बरोबर असेल तर पाणी दरवेळी सारखंच चढायला हवं. पण मेणबत्त्या वाढवल्या की पाणी जास्त चढतं, कारण हवा जास्त तापते. पेल्यावर मार्करने रेघा मारून ठेवा आणि मोजा.

तिसरी तपासणी मेणबत्तीशिवायच होते. रिकामा स्टीलचा पेला गरम पाण्यात बुडवून तापवा, बाहेर काढून लगेच थंड पाण्याच्या ताटलीत उपडा ठेवा. पाच मिनिटांनी सरळ उचलताना आत पाणी ओढलं गेलेलं जाणवतं. आत काहीच जळलेलं नाही, तरीही!

मायकल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्ती या विषयावर व्याख्यानमाला दिली होती, १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६० मध्ये. एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं! तेव्हा आपल्या मुलाने एका मेणबत्तीवर तीन दिवस घालवले तर वेळ वाया गेला असं समजू नका. अडचण एकच. शाळेत हे उत्तर सांगितल्यावर "पुस्तकात असं नाही" असं कुणी म्हणू शकतं. म्हणून व्हिडिओ आणि मापं वहीत हवीतच. वाद घालायची गरज पडत नाही, दोन मेणबत्त्यांचा प्रयोग समोर करून दाखवला की पुरतो.

लिंबाचा दिवा का लागत नाही

'लिंबापासून वीज'चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. एका लिंबात खिळा आणि नाणं खुपसलं आणि बल्ब झगझगीत. घरी केलं तर काहीच होत नाही आणि मूल हिरमुसतं. दोष मुलाचा नाही, व्हिडिओचा आहे.

एका लिंबातून जेमतेम एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, आणि प्रवाह तर अगदीच किरकोळ. टॉर्चचा जुना बल्ब पेटायला याच्या शेकडो पट प्रवाह लागतो, त्यामुळे तो लिंबांची पाटी आणली तरी लागणार नाही. लाल एलईडीला मात्र पावणेदोन-दोन व्होल्ट आणि थोडासाच प्रवाह पुरतो. म्हणून तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडा, पहिल्याचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला असं, आणि खोलीत अंधार करा. एलईडी मंद लुकलुकेल. नाही लागला तर पाय उलटे लावून बघा. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या बाजूला हवा.

नाणं वापरू नका. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, तिथेच निम्मे प्रयोग फसतात. इलेक्ट्रिशियनकडून वायरचा उरलेला तुकडा घेऊन आतली तांब्याची तार सोला. जस्तासाठी पत्रे ठोकायचे मुलामा दिलेले खिळे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

आणि ऊर्जा लिंबातून येत नाही. ती येते जस्त हळूहळू विरघळतं त्यातून. लिंबाचा रस फक्त ती क्रिया घडू देतो. तपासायचं असेल तर लिंबाऐवजी बटाटा किंवा मिठाच्या पाण्याची वाटी घ्या, तरीही चालतं. दोन्ही बाजूंना तांब्याचीच तार लावून बघा, चालत नाही. वापरलेली लिंबं सरबताला घेऊ नका, त्यात जस्त आणि तांबं उतरलेलं असतं.

ज्वालामुखीबद्दल दोन शब्द

खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, मातीचा डोंगर. आमच्या शाळेच्या प्रदर्शनात एका वर्षी एकूण नऊ ज्वालामुखी होते. त्यातला एक माझा. त्याचा फेस शेजारच्या टेबलावरच्या सौरमालेवर गेला आणि शनी भिजला.

गंमत म्हणून जरूर करा, पण हा ज्वालामुखीचा प्रयोग नव्हे. खऱ्या ज्वालामुखीत आम्ल आणि सोड्याची क्रिया होत नाही, तिथे वितळलेला खडक आणि त्यात कोंडलेले वायू असतात. त्यातून आपण तर ज्वालामुखीच्या खडकावरच राहतो! महाराष्ट्राचा बहुतेक भाग साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलाय, आणि तो लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून पसरला. घाटातून जाताना डोंगराच्या कड्यांवर एकावर एक पायऱ्यांसारखे थर दिसतात, ते हेच. त्यांचे फोटो आणि रस्त्याकडेचा काळा दगड यावर केलेला तक्ता फेसाळ डोंगरापेक्षा कितीतरी खरा ठरेल.

सोडा आणि व्हिनेगरच वापरायचं असेल तर बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. एक चमचा सोड्याने फुगा किती फुगतो, दोनने किती, तीनने किती, ते दोऱ्याने मोजा. व्हिनेगर तेवढंच ठेवलं तर एका टप्प्यानंतर सोडा वाढवूनही फुगा वाढत नाही. का, ते मुलाला शोधू द्या.

फिरणारी मोटार

आठवीच्या पुढच्यांसाठी हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. टॉर्चचा एक मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, एक लोहचुंबक, आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वाइंडिंगच्या तारेचा मीटरभर तुकडा. असे तुकडे तिथे पडलेलेच असतात. लोहचुंबक जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधून निघतो.

तार सेलभोवती दहा वेळा गुंडाळून वेटोळं करा, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढा. सेलच्या दोन्ही बाजूंना एकेक पिन उभी धरून सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळा. लोहचुंबक सेलवर ठेवा. वेटोळ्याची टोकं पिनांच्या गोल भोकांत अडकवा आणि हलकेच टिचकी मारा.

बहुतेक वेळा फिरत नाही. सगळी मेख खरवडण्यात आहे. वाइंडिंगच्या तारेवर वार्निशसारखा पातळ थर असतो, त्यातून वीज जात नाही. एक टोक ब्लेडने चारही बाजूंनी खरवडायचं, दुसरं मात्र फक्त अर्ध्या बाजूने. असं का? वेटोळ्यातून वीज गेली की ते स्वतः चुंबक बनतं आणि लोहचुंबकाच्या ओढीने वळतं. वीज चालूच राहिली तर अर्धा फेरा झाल्यावर तीच ओढ त्याला मागे खेचेल. अर्धी बाजू न खरवडल्याने नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद होते, वेटोळं आपल्या वेगाने पुढे जातं आणि मग परत वीज चालू होते. दोन्ही टोकं पूर्ण खरवडून मुद्दाम बघा, वेटोळं नुसतं थरथरतं. हा फसलेला प्रयोग चाललेल्या प्रयोगाच्या शेजारी ठेवला तर परीक्षकांना सांगायला वेगळं काही लागत नाही.

वेटोळं फिरत नसताना तसंच सोडू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. खरवडणं मोठ्यांच्या देखरेखीखाली.

काठीच्या सावलीतून पृथ्वी

हा प्रयोग दोन गावांत राहणाऱ्या मामे-आते भावंडांनी मिळून करायचा आहे, आणि त्याला एक काठी लागते. बस्स.

सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली म्हणजे त्या गावची खरी दुपार, आणि ती सावली बरोबर उत्तर-दक्षिण असते. पहिला धक्का इथेच बसतो. ही वेळ बाराची नसते! आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला. म्हणून मे महिन्यात मुंबईला सूर्य डोक्यावर येतो साडेबारा वाजून गेल्यावर, नागपूरला मात्र बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास.

आता नोव्हेंबरच्या मध्याला एक भावंड कोल्हापूरला आणि एक नागपूरला असं समजा. एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात साधारण ७० सेंटीमीटर येईल, नागपुरात ८२. काठी आणि सावली यांचा त्रिकोण वहीत प्रमाणात काढून वरचा कोन कोनमापकाने मोजा. एक येईल ३५ अंशांच्या जवळ, दुसरा ३९ च्या थोडा वर. फरक सुमारे साडेचार अंश. दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजा. रस्त्याचं नाही, सरळ उभं अंतर. ते साधारण ४९५ किलोमीटर भरतं. साडेचार अंशांना ४९५, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा: ३९,६००. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन शहरांच्या आधारे हेच केलं होतं. खरं सांगायचं तर मुलांचं उत्तर पहिल्या फटक्यात इतकं जवळ येणार नाही. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली तरी उत्तर आठ-दहा हजार किलोमीटरने हलतं. काठी लांब घ्या, तीन दिवस मोजा, सरासरी काढा. जे उत्तर येईल तेच लिहा. गुगलवरून बघून ४०,०७५ लिहिलेला प्रोजेक्ट शिक्षक लांबूनच ओळखतात.

ज्यांचे भाऊबंद एकाच गावात आहेत त्यांच्यासाठी शून्य सावलीचा दिवस आहे. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूरला हे साधारण ७ मे, पुण्यात १३-१४ मे, नागपुरात २६ मेच्या आसपास घडतं. वर्षातून दोनदा होतं, पण दुसऱ्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे ढगच असतात. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडेच बघायचं.

मग आई-बाबांनी करायचं काय?

मदत करा, पण कात्री मुलाच्या हातात राहू द्या. वाकडं कापलं तर वाकडं. तुमचं काम साहित्य आणून देणं, ब्लेड, आच आणि चुना स्वतः सांभाळणं, आणि "असं केलं तर काय होईल?" एवढंच विचारणं. उत्तर माहीत असलं तरी दहा मिनिटं गप्प बसणं हा यातला सर्वांत अवघड भाग आहे, अनुभवाने सांगतो.

वहीत तीनच गोष्टी: करण्याआधी मला काय वाटलं होतं, काय झालं, आता मला काय वाटतं. पहिली ओळ प्रयोगाच्या आधीच लिहून घ्यायची, नाहीतर सगळ्यांना सगळं आधीपासूनच माहीत होतं असं निघतं. फसलेल्या प्रयोगाचं पान फाडायचं नाही.

काही गोष्टी मात्र घरी नकोतच. भिंतीतल्या प्लगची वीज कुठल्याही प्रयोगाला वापरायची नाही, सगळं सेलवर. सॅनिटायझर आणि स्पिरिट ज्योतीजवळ नको. बटणासारखे चपटे सेल आणि छोटे जोरकस लोहचुंबक घरात लहान भावंड असेल तर आणूच नका. ते गिळले गेले तर पोटात गंभीर इजा होते आणि तडक दवाखाना गाठावा लागतो.

साहित्यासाठी एक रिकामा बुटांचा खोका ठेवा. त्यात सायकलवाल्याकडची ट्यूब, रिवाइंडिंगवाल्याकडची तार, संपलेल्या पेनांच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, तुटलेल्या खेळण्यातली मोटार, जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद असं साठत जाऊ द्या. म्हणजे पुढच्या वेळी रात्री साडेनऊला "उद्या प्रोजेक्ट द्यायचाय" ऐकू आलं, तर निदान चप्पल घालून बाहेर पडावं लागणार नाही.